निळ्या शर्टाचा जबाब

मावशींचं काम ऐकलं की माणसं आधी हसायची आणि मग खुर्ची पुढे ओढून बसायची. काम होतं लुटलं जाण्याचं. विद्यापीठात फौजदारी न्याय शिकवणारा एक विभाग होता. तिथली पोरं पुढे पोलिसात, तुरुंगात, कोर्टात जाणार, तेव्हा गुन्हा सोसलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे त्यांना यायला हवं. आता सरावासाठी खरी पोळलेली माणसं कुठून आणायची, आणि आणायची तरी कोणत्या तोंडानं? म्हणून विभागानं मावशी ठेवल्या होत्या. सर त्यांना एक गोष्ट सांगायचे, मावशी ती अंगात मुरवायच्या आणि एकेका विद्यार्थ्याला जबाब द्यायच्या. कधी त्यांची पर्स गेलेली असायची, कधी शेजारी मारामारी झालेली असायची, कधी जावयानं गोड बोलून सह्या घेतलेल्या असायच्या. जावई कसला, मुलगीच नव्हती! पण मावशी अशा काही भडकायच्या, की एकदा एक विद्यार्थी बाह्या सरसावून म्हणाला, “पत्ता द्या त्याचा, आत्ता बघून येतो.”

खोली छोटीशी होती. एक फिकट सोफा, दोन खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. त्या झाडाला कुणीतरी भाबडेपणानं पाणी घालायचं, आणि कुंडीखाली कायम ओल असायची. एका भिंतीला मोठा आरसा, मागच्या बाजूनं आरपार दिसणारा. आरशाच्या मागे सर आणि बाकीचा वर्ग बसून सगळं बघायचे. पडदे ओढले की बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, काही कळायचं नाही. तिथे बसलं की मावशींना आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. वरून आवाज यायचे, पण लांबून. स्वतःचं नाव, घर, गॅसवर ठेवलेलं दूध, सगळं हळूहळू सैल होऊन तरंगत जायचं आणि सरांची गोष्ट तेवढी खरी उरायची.

गोष्टी पुष्कळ होत्या, पण मावशींचा जीव एकाच गोष्टीत होता. आठ वर्षांचा मुलगा, तलावाकाठच्या बागेत घसरगुंडीपाशी खेळत होता, आई पाण्याची बाटली भरायला वळली, परत बघते तर मुलगा नाही. अंगात निळा शर्ट. सरांनी एवढंच सांगितलं होतं आणि म्हणाले होते, “पुढचे रंग तुम्ही भरा.” मावशींनी भरले. शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं. उजव्या गुडघ्याला पट्टी. दुधावर साय आली की तोंड फिरवतो. सरांनी मुलाला चांगलं नाव दिलं होतं, पण मावशींच्या तोंडी ते बसेना. त्या त्याला सोन्याच म्हणायच्या. मावशींना मूल झालं नव्हतं. त्याबद्दल त्या कुणाजवळ बोलत नसत, आणि विचारणाऱ्याला असं उत्तर द्यायच्या की पुन्हा विचारायची छाती होऊ नये. पण त्या खोलीत, आरशासमोर, सोन्यासाठी त्या दरवेळी खरं रडल्या. रडून मोकळ्या झाल्या, असंही म्हणता येईल.

तालीम घरी व्हायची. काका, म्हणजे मावशींचे यजमान, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. संध्याकाळी घरी आले की चहाचा कप हातात घेऊन पहिला प्रश्न, “काय गं, आज काय गेलं आपलं?”

“पर्स गेली.”

“बरं झालं. तिच्यात होतं काय!”

मग काका पोलीस व्हायचे. लुंगीवरचा पोलीस! भुवया चढवून विचारायचे, “बाई, शर्ट कोणत्या रंगाचा?” आणि मावशी हसू दाबत सांगायच्या, “निळा, साहेब.” सोन्याच्या गोष्टीची तालीम ते कधी टाळत नसत. दुसऱ्या गोष्टींना जांभया द्यायचे, हिला मात्र सरसावून बसायचे. मावशींना वाटायचं, नवरा हौशी आहे, आपल्याला मदत करतोय. बिचाऱ्यानं मदतीला कधी नाही म्हटलं नाही.

वर्षं गेली, पोरं पांगली. “माझा एक विद्यार्थी तुरुंगात आहे,” असं मावशी बाजारात सांगायच्या, समोरच्याचा चेहरा पडू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, “अहो, अधिकारी म्हणून!” एक मुलगी प्रयोगशाळेत केसांचे नि धाग्यांचे तुकडे तपासायची. एकजण सुटून आलेल्या कैद्यांना खोली आणि नोकरी शोधून द्यायचा आणि स्वतः मात्र भाड्याच्या एका खोलीत राहायचा. दुसरी एक कोर्टाबाहेरच्या बाकावर घाबरलेल्या साक्षीदारांना धीर देत बसायची. आणि एका पठ्ठ्यानं पदवी गुंडाळून ठेवली नि बेकरी काढली. त्याचा पाव उत्तम असतो, खोटं कशाला बोलू?

आणि एक होती फटफटी. हे नाव वर्गानं ठेवलेलं, कारण मुलगी बोलायला लागली की थांबायची नाही. साक्षीदाराचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं हीच पुरं करायची. तिच्या परीक्षेला नेमकी सोन्याची गोष्ट आली. तिनं मावशींना धड बोलू दिलं नाही, प्रश्नातच उत्तरं कोंबली, आणि शेवटी मावशी रडायला लागल्या तेव्हा सरळ उठून त्यांचा हात हातात घेतला. “सापडेल हो मावशी, नक्की सापडेल!” झालं. सर आरशामागून तरातरा बाहेर आले. “कुणी सांगितलं तुला सापडेल म्हणून? नाही सापडला तर? जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द घरच्यांना द्यायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं की नाही?” परीक्षेनंतर मावशींचंही मत विचारत असत. मावशी म्हणाल्या, “नापास.” नियम तो नियम. पण त्या मुलीचा हात मावशींनी बराच वेळ धरून ठेवला होता, हे आरशामागच्या कुणाला दिसलं नसावं.

पुढे काकांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नावं, मग दुकान कधीच सुटलंय हे. मावशींनी काम सोडलं आणि घरी बसल्या. काका दिवसभर खिडकीपाशी बसायचे, काचेवर बोट फिरवायचे, जणू तेही एक भिंगच. अधूनमधून मात्र लख्ख आवाजात विचारायचे, “काय गं, आज काय गेलं आपलं?” मावशी त्यांची शाल सारखी करायच्या. त्या म्हणायच्या, “काही नाही हो. सगळं जागच्या जागी आहे.”

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. समोरची इमारत असून नसल्यासारखी दिसत होती. मावशी स्वयंपाकघरात शेंगा मोडत होत्या. बाहेर आल्या तर खिडकीपाशी खुर्ची रिकामी, आणि दार नुसतं लोटलेलं.

जिना पाहिला, गल्ली पाहिली, दूधवाला, औषधाचं दुकान, सगळीकडे विचारून झालं. मग त्यांनी पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, अंगात काय होतं? मावशींनी धडाधड सांगून टाकलं. आवाज इतका स्वच्छ निघाला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुपार कलली, धुकं काही हलेना. दारात गाडी थांबली. मावशी चपला न घालताच धावल्या. मागच्या सीटवर एक गृहस्थ बसले होते. वय काकांएवढं, अंगात निळा शर्ट, आणि चेहरा लालबुंद.

“हेच का तुमचे यजमान?” हवालदारानं विचारलं.

“मी कुणाचाही यजमान नाही!” गृहस्थ कडाडले. “तासभर सांगतोय! मी बस स्टँडवर बहिणीची वाट बघत होतो! ती तिथे उतरून माझ्या नावानं बोटं मोडत असेल!”

दुसरी वेळ असती तर मावशी पोट धरून हसल्या असत्या. आता त्या फाटक धरून नुसत्या उभ्या राहिल्या. पुढच्या दारातून एक बाई उतरली. साधे कपडे, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. तिनं हवालदाराला सांगितलं, यांना आधी नीट घरी सोडा, आणि माफी मागा. मग ती मावशींकडे वळली. “मावशी. हरवलेल्या माणसांचं काम आता मी बघते.”

“फटफटी?”

“हो. आता जरा हळू चालते.”

घरात येऊन ती काकांच्या खुर्चीवर बसली नाही, हे मावशींनी पाहिलं. स्टूल ओढून बसली. मावशी बोलू लागल्या आणि बोलता बोलता त्यांना भयंकर काहीतरी जाणवलं. डोळे कोरडे होते. रडू येत नव्हतं. गळा कुठे दाटायचा, आवाज कुठे फुटायचा, सगळं त्यांना पाठ होतं, आणि म्हणूनच काही खरं वाटत नव्हतं. एवढी वर्षं नसलेल्या मुलासाठी धो धो रडले, आणि नवरा हरवला तर थेंब नाही! त्यांना स्वतःची चीड आली.

“अगं, मी नाटक नाही करत गं,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत आहे,” फटफटी म्हणाली. “अंगात काय होतं काकांच्या?”

“निळा शर्ट. वरून दुसरं बटण तुटलेलं. उजव्या गुडघ्याला...”

मावशी थांबल्या. फटफटी काही बोलली नाही. एके काळी हीच मुलगी ते वाक्य पुरं करून मोकळी झाली असती. आता ती गप्प बसून राहिली, आणि त्या गप्प बसण्यातच मावशींना आपलं वाक्य ऐकू आलं.

“अगं बाई!” त्यांनी कपाळावर हात मारला. “हा तर सोन्याचा शर्ट! मी यांच्या अंगावर सोन्याचा शर्ट चढवला गं! सगळं गाव निळा शर्ट शोधतंय आणि हे बाहेर थंडीत... तलाव आहे तिकडे, धुकं आहे...” आणि आता मात्र रडू आलं. बेसूर, नाक गळणारं, कुठल्याही तालमीत न बसणारं रडू. फटफटीनं मावशींचा पदर सावरला नाही, हात धरला नाही, काही शब्द दिला नाही. थोडं ओसरल्यावर ती एवढंच म्हणाली, “मावशी, डोळे मिटा. सकाळ जिथून आठवते तिथून सुरुवात करा. मला घाई नाही.”

मावशींना हे सगळं ठाऊक होतं. सर हेच शिकवायचे. पण पूर्वी डोळे मिटले की आत काय सापडणार हे आधीच ठरलेलं असायचं. आज त्या पहिल्यांदा काही माहीत नसताना आत चालल्या.

आधी नुसतं धुकं. मग त्यातून स्वयंपाकघराची खिडकी वर आली. ओट्यावरचा उजेड दुधाळ, पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ. गॅसवर दूध. बोटांखाली शेंगांचं टोक मोडतंय, टक, टक. हाताला गार लागतंय. दाराकडे पाठ आहे.

“पाठ आहे गं माझी,” मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. “मी त्यांना बघितलंच नाही. काय घातलं होतं ते मी पाहिलंच नाही.”

“बरं. मग तिथेच थांबा. ऐकू काय येतंय?”

दूध सळसळतंय. पाय वाजताहेत. घरातल्या सपाता नाहीत, बुटांचा आवाज आहे. कपाटाचं दार करकरलं. आणि वास आला, डांबराच्या गोळ्यांचा. “कोट,” मावशी पुटपुटल्या. “तपकिरी, लोकरीचा. कपाटात खाली ठेवलेला.” फटफटी फोनवर हळूच काही बोलली, तो आवाज मावशींना पाण्यावरून आल्यासारखा वाटला. त्या अजून आतच होत्या. काका मागे येऊन उभे राहिलेत. डबा उघडला. कागद कुरकुरला. बिस्किटांचा पुडा. आणि मग काकांचा आवाज, लख्ख, दुकानातून घरी आल्यावर असायचा तसा.

“अगं, शर्ट निळाच ना?”

“हो, हो,” शेंग मोडत मावशी म्हणाल्या. सकाळीही अशाच म्हणाल्या होत्या, मान न वळवता.

“गुडघ्याला पट्टी?”

“हो.”

“मग मी घेऊन येतो त्याला. तू दूध गाळून ठेव. साय नको त्याला.”

मावशींनी डोळे उघडले. जगाला ऐकायचं कसं ते शिकवण्याच्या खोलीत त्यांचा जन्म गेला होता, आणि नवऱ्याचं हे बोलणं त्यांच्या कानावरून नुसतं वाहून गेलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की फटफटीकडे बघवेना.

“तलावाची बाग,” त्या म्हणाल्या. “ते सोन्याला शोधायला गेलेत.”

तोवर परतलेल्या गाडीत दोघी बसल्या. धुक्यात दिवे लवकर लागले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती पिवळं कडं होतं. मावशी मनात म्हणत होत्या, पाण्याकडे जाऊ नका, अहो, पाण्याकडे नका जाऊ. बागेचं फाटक उघडं होतं. झोपाळे ओले, निश्चल. तलाव कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, काही कळत नव्हतं. आणि घसरगुंडीच्या खालच्या टोकाशी तपकिरी कोट घातलेला एक माणूस बसला होता. मांडीवर बिस्किटांचा पुडा, न फोडलेला.

मावशी तशाच धावत सुटल्या आणि ओल्या वाळूत घसरल्या. फटफटीनं त्यांना कोपराला धरून सावरलं.

“अगं, तू कशाला आलीस गारठ्यात?” काका म्हणाले. “मी बघतोय ना इथे.”

“अहो...” मावशी त्यांच्याजवळ टेकल्या. हात बर्फ झाले होते त्यांचे. त्यांनी ते आपल्या हातांत घेऊन चोळले. “अहो, सकाळपासून बसलात? इथे कुणी...”

“आला नाही अजून,” काका म्हणाले. “सगळी पोरं बघितली. निळा शर्ट एकाचाही नाही. तू रोज रडून घरी यायचीस गं. डोळे सुजलेले असायचे. मी विचारायचो, तू सांगायचीस, आणि मग आपण जेवायला बसायचो. मला जेवण जायचं नाही. म्हटलं, नुसतं विचारत काय बसायचं? एकदा स्वतः जाऊन बघावं तरी.”

मावशींचे हात थांबले.

फटफटी काकांसमोर ओल्या वाळूत गुडघे टेकून बसली. “काका, मी त्याच कामाला आहे. मला सांगता का, मुलगा कसा आहे?”

“निळा शर्ट,” काका म्हणाले. “बटण तुटलंय. पट्टी आहे गुडघ्याला.” ते थांबले. फटफटी थांबली. “झोपेत दात खातो. वाचताना पुस्तक नाकाशी धरतो, त्याला चष्मा लागणार आहे, मी भिंगं काढून ठेवलीत. आणि हसला की डाव्या गालाला खळी पडते.”

खळी. खळी सरांच्या गोष्टीत नव्हती. मावशींनी भरलेल्या रंगांतही नव्हती. चष्मा तर नव्हताच. मावशी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की सोन्या त्यांच्या एकटीचा आहे. लुंगी नेसून भुवया चढवून प्रश्न विचारणारा हा माणूस पोलीस कधीच नव्हता. तो रोज संध्याकाळी आपल्या मुलाची चौकशी करत होता, आणि त्यांनी त्याला एकदाही उलट विचारलं नव्हतं की तुमचा कसा आहे हो?

“सापडेल ना?” काकांनी फटफटीला विचारलं.

तिनं क्षणभर मावशींकडे बघितलं. मग तिनं काकांचा दुसरा हात दोन्ही हातांत धरला. “सापडेल, काका. नक्की सापडेल.”

“नापास,” मावशी म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“हो मावशी,” फटफटी म्हणाली. तिनंही हात सोडला नाही.

काकांना एकदम बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी पुडा फोडला, एक बिस्किट मावशींना दिलं, एक त्या पोरीला, एक स्वतः तोंडात टाकलं. आणखी एक काढून कोटाच्या खिशात वेगळं ठेवलं.

“अहो,” मावशी त्यांना उठवता उठवता म्हणाल्या, “खळी डाव्या गालाला म्हणालात ना?”

“डाव्या.”

“आणि हसतो कशाला कशाला? सांगा बघू मला. घरी जाईपर्यंत सगळं सांगा.”

काका सांगू लागले. मावशी मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत.